जोडव्यावरचा आळ

अक्का, काल तुझ्या पुण्यानुमोदनाला पोळ्या वातड झाल्या. पहिला घास मोडताना माझ्या मनात आधी हेच आलं. मग लाज वाटली. सख्खी बहीण गेली आणि ही बया कणकेचे दोष काढत बसलीय! पण मला बिघडवलंस तूच. कुणाच्याही घरचं कार्य असो, तू आधी कणकेत बोट खुपसायचीस आणि म्हणायचीस, "जल्दी नका करू बायांनो. कणकीला जरा झोपू द्या." काल टेंभुर्णीच्या एकाही बाईनं कणकेला झोपू दिलं नाही.

तुझा धड असा एकच फोटो सापडला, तुझ्या लेकीच्या, सुमनच्या नामकरणाचा. तो पाटावर ठेवून हार घातला. त्यातही तुझे दोन्ही हात पदराखाली आहेत. भंतेजींनी वंदना घेतली, दाजी मान खाली घालून बसले होते. जो तो म्हणत होता, चांगली बाई, तापाचं निमित्त झालं आणि गेली. मी मान हलवत राहिले. तुला तापानं नेलं नाही हे तुला सांगायला नकोच. पण मला ते कुणाला तरी सांगायचंय, आणि भांडायची सवय मला तुझ्याशीच आहे. म्हणून रात्री जालन्याला न परतता, पहाटेच तुझ्या ओट्यावर बसून लिहितेय.

तुझा इसब आपल्या घरात तुझ्याबरोबरच वाढला. कोपरावर, गुडघ्यावर, केसांच्या कडेला लाल चट्टे आणि त्यावर पांढरा चकचकीत पापुद्रा. माय करंजाचं तेल चोळायची आणि पुटपुटायची, "तेल लावलं की कुनाला दिसत न्हाई." बरं होण्यापेक्षा न दिसणं महत्त्वाचं होतं. सकाळी तुझं अंथरूण झटकलं की कोंडा उडायचा. तू हसायचीस, "माझं जातं रातभर चालू राह्यतं, शांते." मी तुझ्याच गोधडीत झोपून मोठी झाले, मला कधी एक चट्टा उठला नाही. तरी तू वैशाखातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायचीस. त्याला सोरायसिस म्हणतात हे आपल्याला कुठं ठाऊक होतं? आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की ते एक तर इसब, नाही तर गजकर्ण. आणि तिसरं नाव कुणी तोंडानं घ्यायचं नाही.

मग ते जोडवं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आल्ते तेव्हा तू लंगडत पाणी आणत होतीस. अंगठ्याशेजारचं बोट बुडापासून नखापर्यंत सगळं सुजलं होतं, लाल, तुकतुकीत. मधे जोडवं इतकं रुतलेलं, की चांदी शोधावी लागत होती. मी म्हटलं, सोनाराकडे चल, कापून टाकू. तू पाय साडीखाली ओढून घेतलास.

"जोडवं कापत असतेत का? नवरा जित्ता असताना?"

मी मास्तरीण होणार होते, मला जोर चढला. म्हटलं, "अक्का, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या ना आपण? देव्हाऱ्यातले देव नदीत सोडताना टोपलं तुझ्याच डोक्यावर व्हतं. देव सुटले अन् एवढं कडं सुटून न्हाई राह्यलं?"

"देव सोडले म्हणून नवरा बी सोडू का?"

ओट्यावर बिडी ओढणाऱ्या दाजींना ठसका लागला. हसता हसता माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. तुझ्याशी वाद जिंकायचा म्हणजे आधी हसू आवरायला लागायचं, आणि ते मला कधी जमलं नाही. शेवटी बाजाराच्या दिवशी दाजींनीच तुला सोनारापुढं नेऊन बसवलं. कट्कन आवाज झाला, जोडवं दोन तुकडे होऊन पडलं आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बोट मात्र तसंच राहिलं.

सोनार म्हणाला, लई दिवस रुतलेलं व्हतं, उतरंल हळूहळू. शेजारची गयाबाई म्हणाली, उतरंल. तूही म्हणालीस, उतरंल. आपल्या माणसांचं असंच असतं, दुखण्याला कारण सापडलं की दुखणं निम्मं बरं झाल्यासारखं वाटतं. चोरीचा आळ जोडव्यावर गेला आणि खरा चोर घरात तसाच बसून राहिला. पुढं बोट थोडं ओसरलं, पण सरळ कधी झालं नाही, आणि त्याच्याकडे पुन्हा कुणी बघितलं नाही.

मग कारणं सापडतच गेली. बाहत्तरच्या दुष्काळात तू खडी फोडायला गेलीस, त्यात हाताची बोटं सुजली. कारण काय, तर हातोडा. बायकांनी तुला चिंध्या गुंडाळायला शिकवल्या. पण पाऊस पडला, काम बंद झालं, बाकी बायकांची बोटं नीट झाली, तुझी झाली नाहीत. सकाळी उठल्यावर टाच भुईला टेकवत नव्हती, तर कारण टायरची चप्पल. कंबर धरायची, तर सुमनच्या वेळच्या बाळंतपणात वारं शिरलं होतं. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले, तर शेणामातीनं नखं खाल्ली. बोटाला एक कारण, टाचेला दुसरं, नखांना तिसरं. तुझं अंग गावानं असं वाटून घेतलं होतं. आणि चट्टे? ते तर जुनेच. ते आणि हे एका जागी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही.

तुझी सकाळ मी बघितलीय. तू चुलीवर पाणी कोमट करायचीस, तांब्या दोन्ही हातांत धरून बसायचीस. बोटं हळूहळू सैल व्हायची, मग तू उठायचीस. दाजींना वाटायचं तू चहाच्या पाण्याची वाट बघतेस. तू त्यांना तसं वाटू दिलंस.

त्यानंतरच्या सुट्टीत आले तर तू टुणटुणीत! चट्टे जवळजवळ गेलेले, चालणं सरळ, तोंड गोल, भरलेलं. मला केवढा आनंद झाला. गयाबाई म्हणाली, "अक्काच्या तोंडावर तेज आलं बघ." मी विचारलं, काय केलंस गं? तू म्हणालीस, "काही न्हाई. बरं वाटून राह्यलं." आणि विषय शाळेकडे वळवलास. ते तेज नव्हतं, अक्का.

आणि मग ती जयंती. भीमजयंतीच्या जेवणाची कणीक तू मळायचीस हे टेंभुर्णीत ठरलेलंच होतं. मोठी परात तुझ्यापुढं यायची, तू बाह्या न सारता मळायचीस, आणि बायका थट्टा करायच्या की अक्काच्या बाह्यांनीच निम्मी कणीक खाल्ली. त्या वर्षी तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं शेवटच्या पेरात वाकून बसली होती. ठणका कमी झाला होता, पण वाक गेला नव्हता. तू परातीपुढं बसलीस. गयाबाईनं परात अलगद स्वतःकडे ओढली.

"तू बस अक्का. तुला तरास व्हतो."

"मला बिलकुल तरास न्हाई."

"बस म्हणलं ना बाई."

तिनं डोळे वर केले नाहीत. बाकीच्याही कुणी केले नाहीत. मागून कुणीतरी दबक्या आवाजात ते तिसरं नाव घेतलंच, महारोग. अंगावर चट्टे आणि वाकलेली बोटं, लोकांना आणखी काय पुरावा हवा होता?

आपल्या आजोबांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते आपण पोरांना अजून सांगतो. आणि त्याच दिवशी, त्याच मांडवात, आपल्याच बायका आपल्याच बाईच्या हाताला असं करतात? मी गयाबाईला ऐकवायला उठले, तर तू माझा पदर धरलास. "बस. आज बाबासाहेबांचा दिस हाय." तू भांडी घासायलाही गेली नाहीस. तुला वाटलं, तेही नको म्हणतील. घरी आल्यावर मात्र तू मला बजावलंस, "शांते, पुढच्या जयंतीला परात माझ्यापुढं आली पायजेन. कशी बी." तू कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही, तुझं एवढं एकच मागणं.

मी म्हणत होते, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात चल. तू टाळत राहिलीस. भीती मला कळत होती. डॉक्टरनं तेच नाव लावलं तर? गावाची कुजबुज वेगळी आणि कागदावर लिहिलेलं वेगळं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस तू स्वतःच जालन्यात, मस्तगडला माझ्या खोलीच्या दारात उभी. "चल बाई. जे असंल ते असंल."

डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी कापसानं, टाचणीनं तुझी बोटं, पाय तपासले, डोळे मिटून सांगायला लावलं, कुठं लागतंय. तू प्रत्येक टाचणीला "हाय, हाय" म्हणत होतीस. मग त्यांनी तुझी नखं उजेडात धरली. केस बाजूला करून टाळू बघितली, तिथं एक चट्टा उरला होता. पायाचं ते बोट बघितलं आणि विचारलं, "हे कधीपासून?" तू म्हणालीस, "ते जोडव्यानं." ते म्हणाले, "नाही बाई."

मग त्यांनी आपल्याला जे सांगितलं ते तू जसंच्या तसं पाठ केलं होतंस. हा महारोग नाही. हा कुणाला लागत नाही. चामडीचा हा आजार काही जणांच्या सांध्यांतही उतरतो. पायाचं बोट, हाताची बोटं, टाच, कंबर, नखं, सगळं त्याचंच. दोन दुखणी नाहीत, एकच आहे. "असे चट्टे असणाऱ्या माणसाचं बोट सुजलं, सकाळी अंग आखडलं, टाच दुखली, तर तेव्हाच यायचं असतं," ते म्हणाले. "वाकली ती बोटं आता सरळ होणं अवघड. बाकीची सांभाळू." मला ते अवघड ऐकू आलं. तुला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं.

त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. "याआधी कसल्या गोळ्या, इंजेक्शनं?" तू म्हणालीस, "न्हाई." "घरात आणखी कुणाला असे चट्टे?" तू म्हणालीस, "न्हाई." पहिल्या न्हाईला तू खाली बघत होतीस. दुसरा न्हाई फार जल्दी आला. मी शेजारीच बसले होते. मला काहीच वावगं वाटलं नाही, कारण तू माझ्याशी कधी खोटं बोलत नव्हतीस.

परतीच्या बसमध्ये तू पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरलास, पदराबाहेर, उघड. असं तुला मी पहिल्यांदा बघितलं. जालन्याला उतरल्यावर मुक्कामाला माझ्याकडे राहिलीस आणि मला चुलीजवळ येऊ दिलं नाहीस. वाकल्या बोटांनी कणीक मळलीस, झोपू दिलीस, आणि त्या पोळ्या अशा झाल्या की शेजारणीनं वासावर येऊन चौकशी केली. तू तिला सांगितलंस, "महारोग न्हाई बरं का मला." ती बिचारी नुसतीच बघत राहिली, तिला कुठं काय माहीत होतं! गावाला गेल्यावर तू घरोघर तेच सांगत फिरलीस म्हणे. गयाबाईला तर दोनदा.

आणि तू त्या गोळ्या सोडल्यास.

कुठल्या गोळ्या, हे मला शेवटी कळलं. दाजी तुला बैलगाडीतून आणि मग बसमधून घेऊन आले, तेव्हा तुझं सगळं अंग पेटल्यासारखं लाल होतं, त्यावर पिवळे बारीक पुळे, हात लावला की कातडी सुटत होती. अंग तव्यासारखं तापलेलं आणि तुला थंडी वाजत होती. औरंगाबादच्या त्याच दवाखान्यात तू मला कान जवळ आणायला सांगितलंस.

"शांते, बाजाराच्या दिवशी तो बॅगवाला डाक्टर यायचा ना. त्याच्या पांढऱ्या गोळ्या व्हत्या. वाताच्या. लई दिवस घेतल्या म्या. आता खरं औषध भेटलं म्हणून फेकून देल्या."

"मंग डॉक्टरनं विचारलं तवा काहून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली गं. इतक्या शिकलेल्या मानसापुढं बॅगवाल्याचं नाव कसं घेऊ?"

मी धावत डॉक्टरांना गाठलं. ऐकून ते जागीच थांबले. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, त्या गोळ्यांनी सांधे आणि चट्टे दोन्ही दबून राहतात, तोंड सुजून गोल होतं. आणि त्या एकदम सोडल्या की दबलेलं सगळं उसळून वर येतं. महिनोन्‌महिने उतरवत आणाव्या लागतात. मग ते तुझ्या खाटेकडे गेले. करता येण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी केलं, अक्का. मी बघत होते.

तुझ्यावर राग आहे माझा. पोटभर राग आहे. तू मला सांगितलं असतंस तर मी तुझ्यावर हसले असते, दोन शिव्या दिल्या असत्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर त्या गोळ्यांची बाटली आपटली असती. आणि राग आला की लगेच आठवतं, माझ्या डी.एड.च्या वर्षी तू खडी फोडलेल्या हातांनी मला डबा बांधून द्यायचीस, कुणाला कळू न देता. लपवून देणं आणि लपवून सोसणं तुला एकाच हातानं जमत होतं. मी आज जी काही आहे ती तुझ्या त्या हातामुळे, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती.

काल जेवणं झाल्यावर गयाबाई तुझ्या फोटोपुढं बसून रडली. "परात ओढायला नको व्हती म्या," म्हणाली. सुमन मोरीवर तीच परात घासत होती. घासून झाल्यावर ती उठली आणि भिंत धरून, टाच वर ठेवून चालली.

"दिवसभर उभी राह्यली पोरगी," गयाबाई डोळे पुसत म्हणाली. "पाय भरून आले असतीन."

"नवी चप्पल हाय. चावली असंल," दाजी म्हणाले.

तीच ती वाक्यं, तशीच तयार, घराच्या कोनाड्यात ठेवल्यासारखी. मी सुमनला बोलावलं आणि तिच्या कानामागचे केस वर केले. तेल लावून चोपलेले होते. त्याखाली लाल चट्टा, वर पांढरा पापुद्रा. पोरगी रडायला लागली. "मावशी, आई म्हणली व्हती, कुनाला दाखवायचं न्हाई. लगीन व्हायचंय तुझं."

डॉक्टरपुढचा तो दुसरा न्हाई, अक्का.

दाजी जवळ आले. म्हणाले, "आता हे वाढवू नको, शांता. लोकांच्या कानावर गेलं तर पोरीचं जमंल का कुटं? चप्पलच हाय ती. बदलून देतो." त्यांचा आवाज दरडावणीचा नव्हता, घाबरलेला होता. मी म्हटलं, "दाजी, उद्या पहिल्या बसनं मी हिला औरंगाबादला घेऊन जाऊन राह्यले. त्या डॉक्टरला सगळं सांगायचं, गोळी, चट्टा, टाच, सगळं. लग्नाचं मंग बघू."

मी सुमनचा पाय मांडीवर घेतला, चप्पल काढली आणि कंदील खाली धरला. अंगठ्याशेजारचं बोट बुडापासून नखापर्यंत सुजलेलं, लाल, तुकतुकीत. दाजी वाकून बघत राहिले. मग त्यांनी ती नवी चप्पल उचलून बाजूला ठेवली.

अक्का, पोरीच्या पायात जोडवं नाही.